कापडाच्या साठ्यासाठी झाकणाचा पारदर्शक डबा: वापरानंतरचे मत

शिवणकाम चालते त्या घरात कापड साठतच जाते. अडचण साठ्याची नसते, तो दिसेनासा होण्याची असते, कारण कपाटाच्या तळाशी दडलेले अस्तर आठवत नाही आणि तसलेच अस्तर पुन्हा विकत घेतले जाते. म्हणून साठवणुकीचे साधन पाहताना, हवे ते कापड बाकीच्या घड्या न विस्कटता हाती लागते का, हे मी सर्वांत आधी पाहते. कापडाला त्यात इजा होत नाही ना, हे त्यानंतर आणि किंमत सर्वांत शेवटी. या तिन्ही कसोट्यांवर माझ्या वापरात टिकलेली वस्तू अगदी साधी आहे: झाकणाचा, पारदर्शक प्लास्टिकचा, आयताकृती आणि उथळ डबा.

उथळ हा शब्द यात महत्त्वाचा आहे. खोल डब्यात घड्या एकावर एक रचाव्या लागतात, आणि मग खालची घडी काढण्यासाठी वरच्या सगळ्या उपसाव्या लागतात. आतून सहा ते सात इंच खोली असलेल्या डब्यात घड्या पुस्तकांसारख्या उभ्या ठेवता येतात आणि झाकण उघडताच प्रत्येक कापडाची कड दिसते. त्यासाठी घडी एका मापाची हवी. 44 इंच पन्ह्याचे कापड किनारीला किनार जुळवून दुमडले की 22 इंच होते, पुन्हा दुमडले की 11 इंच. मग ही पट्टी सहा इंच रुंदीच्या पुठ्ठ्यावर गुंडाळायची, पुठ्ठा अलगद काढून घ्यायचा आणि तयार झालेली घडी मधोमध मोडायची, म्हणजे साधारण साडेपाच इंच उंचीची, आपल्या आधाराने उभी राहणारी घडी मिळते. 60 इंच पन्ह्याचे कापड याच रीतीने घातले तर साडेसात इंचांवर जाते आणि झाकण लागत नाही. ते आधी दुपदरी, मग तिपदरी केले की 10 इंचांवर येते आणि पुढची कृती तशीच राहते. सगळ्या घड्या घालायला वेळ लागतो हे खरे, पण डब्याचा पुरेपूर उपयोग या घडीमुळेच होतो. कापड कोंबून ठेवायचे असेल तर जुने खोके काय आणि नवा डबा काय, दोन्ही सारखेच.

प्रत्येक घडीत मी कागदाची एक चिठ्ठी खोचून ठेवते. तिच्यावर लांबी, पन्हा, धाग्याचा प्रकार आणि कापड धुतले आहे की नाही, एवढे लिहिलेले असते. यातली शेवटची नोंद बहुतेक जण गाळतात, आणि नेमकी तीच कामाची असते. नवे सुती कापड पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के आटू शकते, म्हणजे तीन मीटरच्या तुकड्यात पंधरा सेंटिमीटरपर्यंत घट येऊ शकते. कापड बेतताना ही गोष्ट माहीत असलेली बरी. चिठ्ठी टाचणीने टोचू नये, कारण टाचणी गंजते आणि तिचा डाग निघत नाही. घडीला रबरबँडही लावू नये. रबरातल्या गंधकाने चांदीची जर काळी पडते, आणि रबर जुने झाले की कापडाला चिकटते.

प्लास्टिकचा प्रकार घेतानाच तपासावा. डब्याच्या तळाशी त्रिकोणात 5 हा आकडा असेल तर ते पॉलिप्रोपिलीन असते आणि कापडासाठी ते निर्धोक आहे. 3 हा आकडा पीव्हीसीचा. ते मऊ ठेवण्यासाठी वापरलेली द्रव्ये कालांतराने बाहेर झिरपतात, त्यामुळे पीव्हीसीच्या पिशव्या आणि पेट्या, कितीही स्वस्त असल्या तरी, मी कापडाजवळ येऊ देत नाही. डांबरगोळ्यांची वाफ काही प्लास्टिकांना मऊ करते आणि वास कापडात मुरून राहतो, म्हणून त्याही या डब्यात नकोत. कसर आणि बुरशी यांच्यावरचा खरा उपाय साठवण्याआधीच करायचा असतो. लोकरीचे आणि रेशमाचे कापड स्वच्छ असावे, कारण घामाच्या डागांकडे कसरीच्या अळ्या अधिक ओढल्या जातात. सुती कापडाला खळ नसावी आणि ते खडखडीत वाळलेले असावे. कोरडे भासणारे सूतसुद्धा आपल्या वजनाच्या सुमारे आठ टक्के पाणी धरून असते, लोकर त्याच्या दुप्पट. इस्त्रीची वाफ धरलेली गरम घडी लगेच झाकणाखाली गेली की तो ओलावा आतच कोंडला जातो. त्यामुळे झाकण हवाबंद नसणे हा मी या डब्याचा दोष मानत नाही.

उणिवाही आहेत. पारदर्शक बाजूंतून उजेड आत येतो आणि घडीच्या कडेवर फिक्या रंगाची रेघ उमटू शकते. खिडकीचे तावदान उन्हाचा काही भागच अडवते. म्हणून डबा बंद कपाटात किंवा पलंगाखाली ठेवावा, किंवा उजेडाच्या बाजूला आतून जाड पांढरा कागद लावावा. एकावर एक चार डबे रचले तर सर्वांत खालचा उघडायचा कंटाळा येतो आणि त्यातले कापड पुन्हा विस्मरणात जाते. माझ्या मते दोनच थर ठेवावेत. मखमलीसाठी हा डबा अजिबात योग्य नाही, कारण घडीवर तिची लव दबते आणि खूण राहते. मखमल नळीवर, लव बाहेर ठेवून गुंडाळावी. नळी साध्या पुठ्ठ्याची असेल तर तिच्यातल्या आम्लाने कापड पिवळे पडू नये म्हणून तिच्यावर आधी धुतलेली पांढरी मलमल गुंडाळून घ्यावी. उभी घडी घालताना पुठ्ठा काढून घ्यायचा तो याचसाठी.

याच्याशी स्पर्धा करणाऱ्या वस्तूंपैकी आतली हवा काढून बंद करायच्या पिशव्या जागा खरोखर वाचवतात, पण त्यांत सुरकुत्या घट्ट बसतात आणि गोधडीत भरायच्या अस्तराचा फुगीरपणा जातो. टांगायचे कापडी कप्पे दिसतात छान, मात्र वजनाने वाकतात आणि धूळ अडवत नाहीत. लहान तुकड्यांना आणि कात्रणांना डबाही लागत नाही, रंगानुसार चेनच्या पॉलिथिन पिशव्या पुरतात.

विकत घेताना मोजपट्टी सोबत न्यावी आणि डब्याची खोली आतून, झाकण लावून उरते तेवढीच मोजावी. बाजूच्या कड्या चार-पाच वेळा उघडून पाहाव्यात, कारण या डब्यात सर्वांत आधी तुटते ती कडी. शक्यतो एकाच मापाचे डबे घ्यावेत, म्हणजे एकाचे झाकण दुसऱ्याला चालते. सुरुवातीला एकच घेऊन त्यात आपल्या किती घड्या उभ्या बसतात ते पाहावे आणि बाकीच्यांची संख्या त्यावरून ठरवावी.