अल्फा स्पायडर २०००: बाकी सगळं मान्य, पण दुसरा गिअर!

रूप आणि इंजिनाचा आवाज यांवर भरपूर लिहून झालंय, म्हणून थेट दुसऱ्या गिअरवर येतो. माझी अल्फा रोमिओ स्पायडर वेलोचे २०००, १९७४ची. जर्मनीत श्टुटगार्टला घेतली, इथेच चालवतो. घेतल्यापासून गाडी थंड असली की पहिल्यातून दुसऱ्यात जाताना 'खर्रर्र' ठरलेलं. इतक्या देखण्या गाडीतून तो आवाज आला की जीव तुटतो.

जुन्या अल्फांचं हे दुखणं जगजाहीर आहे. पहिल्या गिअरचं गुणोत्तर (चाकांकडे जाताना इंजिनाचे फेरे किती पट कमी होतात ते) ३.३०, दुसऱ्याचं १.९९. पाच गिअरमधली सर्वांत मोठी उडी हीच, त्यामुळे सगळा भार दुसऱ्याच्या सिंक्रोवर, म्हणजे गिअर पडण्याआधी फिरत्या भागांचा वेग जुळवणाऱ्या कड्यावर, पडतो आणि तोच आधी झिजतो.

गॅरेजवाल्याने जेमतेम एक फेरी मारली आणि सांगितलं: गिअरबॉक्स उतरवू, सगळे सिंक्रो बदलू, साडेतीन हजार युरो. आत तेल कोणतं आहे विचारलं, तर ते कुणी पाहिलंच नव्हतं! झाकण न उघडता साडेतीन हजार? चांगलं वाजलं आमचं. तपासणीचे पैसे टेकवून गाडी घरी आणली.

आधीच्या मालकाच्या फायलीत पावती सापडली: जीएल-५ प्रतीचं गिअर तेल. या गिअरबॉक्समधले सिंक्रो पोर्शे पद्धतीचे, मॉलिब्डेनमचा थर दिलेल्या चिरलेल्या कड्यांचे. ते घर्षणावर चालतात. जीएल-५ मध्ये दातांच्या रक्षणासाठी जी रसायनं असतात त्यांनी कडं घसरतं, पकड बसत नाही. म्हणून जीएल-४ भरलं, त्यात ही रसायनं कमी असतात. दोन लिटरसुद्धा लागलं नाही.

इथवरचं वसंतात लिहून ठेवलं होतं आणि पाचपैकी तीनच गुण द्यायचे ठरवले होते. आता ते बदलतोय. गरम गाडीत दुसरा गिअर निमूट पडतो. गाडी थंड असताना अजून कुरकुरतो, पण तेव्हा मी पहिल्यातून सरळ तिसऱ्यात जातो. १९६२ सीसीचं इंजिन ते सहज ओढतं. पाण्याचा काटा वर आला म्हणून फसू नका, गिअरबॉक्सचं तेल बरंच मागाहून तापतं. डॅशबोर्डवर मधोमध तीन घड्याळं, चालकाकडे वळवलेली: पेट्रोल, तेलाचा दाब, पाण्याचं तापमान. चौथं गिअरबॉक्सचं हवं होतं!

ब्लॅक फॉरेस्टच्या वळणांवर मात्र तक्रार उरत नाही. अश्वशक्ती १३०च्या आसपास, वजन हजार किलोच्या थोडं वर, चारही चाकांना डिस्क ब्रेक. दोन कार्ब्युरेटर, डोक्यावर दोन कॅमशाफ्ट, ॲल्युमिनियमचं इंजिन. तिसऱ्यात चढ घेताना ते जे गातं त्यासाठी शंभर किलोमीटरला अकरा-बारा लिटर पेट्रोल मी आनंदाने भरतो, आणि एरवी मी पैसा जपून वापरणारा माणूस आहे. मागच्या दोन्ही चाकांना जोडणारा एक्सल सलग असल्याने खराब रस्त्यावर गाडी उडते, तेवढं सोसावं लागतं.

आकाराबद्दल एकच. १९६६च्या पहिल्या स्पायडरची शेपूट लांब, गोल. गाड्यांचे आकार घडवणाऱ्या पिनिनफारिना कंपनीचे संस्थापक बातिस्ता यांनी जातीने लक्ष घातलेल्या शेवटच्या गाड्यांपैकी ती एक. १९७०पासून शेपूट कापली, ती वुनिबाल्ड काम (Kamm) यांच्या वायुगतिकीच्या तत्त्वावर. ते श्टुटगार्टचेच प्राध्यापक होते. लोक गोल शेपटीला जास्त पैसे मोजतात. मला कापलेलीच जास्त रेखीव वाटते. छताला तर पूर्ण गुण: सिग्नलला उभं असताना, जागेवरून न उठता, एका हाताने मागे टाकता येतं.

गिअरबॉक्स आता उघडणार नाही. गरम असताना खरखरला किंवा गिअर आपोआप सुटायला लागला, तरच.

घेणार असाल तर विकणाऱ्याला आधीच सांगा, आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. थंड गाडीत दुसरा गिअर स्वतः टाकून बघा, तेलाची पावती मागा. आणि लोहचुंबक घेऊन दाराखालचा पत्रा तपासा. गंज तिथूनच खातो, आणि ते काम गिअरबॉक्सपेक्षाही महागात जातं.