गंजलेली ब्रेक लाईन : जोड की नवा पाईप? फोंड्यातील एका गॅरेजचा अनुभव

गोव्यातील दिवाडी बेटावरून रोज फेरीबोटीने रायबंदरला उतरणाऱ्या गाडीच्या पोटाखाली काय चालले आहे, हे मालकाला सहसा कळत नाही. माझ्या २००४ सालच्या मारुती ८०० बाबत ते कळले, ते ब्रेक ऑईलची पातळी आठवड्यात दोनदा किमान खुणेखाली गेली तेव्हा. मागच्या चाकाच्या अलीकडे जमिनीवर ओल दिसत होती; पाणी समजून बोट लावले, तर ते तेलकट लागले.

आधी घराजवळच्या एका गॅरेजात गाडी नेली. तिथे ब्रेक लाईनचा, म्हणजे ब्रेक ऑईल चाकांपर्यंत नेणाऱ्या धातूच्या पाईपाचा, गंजलेला दोन इंचांचा तुकडा कापून मधे कॉम्प्रेशनचा जोड घातला गेला आणि तीन आठवड्यांत तोच जोड पाझरू लागला. पाईपाच्या बाहेरच्या पृष्ठभागाला आवळून धरणारी कडी गंजाने खड्डे पडलेल्या पाईपावर नीट बसत नाही, आणि जोरात ब्रेक दाबल्यावर आतला दाब टायरमधील हवेच्या कित्येक पटींनी वाढतो, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते.

फोंड्याच्या गॅरेजातील मिस्त्रींनी गाडी रॅम्पवर चढवली आणि गळतीच्या जागेकडे न पाहता आधी पाईप धरून ठेवणाऱ्या क्लिपा काढल्या. प्रत्येक क्लिपेखाली लाल मातीचा ओला थर होता. तारेच्या ब्रशने तो घासताच पाईपाचे पापुद्रे निघाले. बाहेरून काळे अंडरकोटिंग (गाडीच्या पोटाला मारतात तो गंजरोधक लेप) शाबूत दिसत होते, पण त्याच्याखाली खारी ओल कोंडून राहिली होती. (हे कोटिंग मीच हौसेने गंजावरून मारून घेतले होते.) ‘बाब, हें जोडून चलचें ना’ (हे जोडून चालणार नाही), एवढेच ते म्हणाले आणि मास्टर सिलिंडरपासून, म्हणजे ब्रेक पेडल दाबल्यावर ऑईल पुढे ढकलणाऱ्या भागापासून, मागच्या रबरी होजपर्यंतची लाईन अखंड बदलायचा सल्ला त्यांनी दिला. नोंदणीचे नूतनीकरण २०२९ पर्यंत असल्याने मीही हो म्हटले.

फ्रिजचा तांब्याचा पाईप स्वस्तात घालता येईल का, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी ते ठाम नाकारले. शुद्ध तांबे कंपनांनी कडक होऊन तडकते. तांबे-निकेलचा मिश्रधातू मात्र खाऱ्या हवेत चांगला टिकतो आणि सहज वाकतो. तो त्यांच्याकडे नव्हता, ही माझी पहिली तक्रार. त्यांनी लेप दिलेला पोलादी पाईप वापरला, त्याची टोके दुहेरी दुमडून फ्लेअर केली (जोडात घट्ट बसावीत म्हणून फाकवली) आणि नट आवळताना दुसऱ्या पान्ह्याने होजचे टोक धरून ठेवले, म्हणजे नव्या पाईपाला पीळ बसणार नाही. ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषते आणि पाईप आतूनही गंजतो, म्हणून जुने सगळे ऑईल काढून नवे डॉट ३ प्रकारचे ऑईल भरले आणि चारही चाकांच्या ब्रेकमध्ये अडकलेली हवा काढली.

पुढच्या दोन पाईपांवर फक्त वरवरचा गंज होता. ते घासून, कोरडे करून लेप लावला. उगाच बदलून बिल वाढवले नाही, हे मला विशेष आवडले. ब्रशखाली धातू चकचकीत निघाला तर पाईप ठेवायचा, खड्डा दिसला तर लाईन काढायची, असा त्यांचा साधा हिशेब आहे आणि तो मला पटतो.

उणिवाही सांगायला हव्यात. एका दिवसाचे काम तीन दिवस चालले, लेखी बिल मागून घ्यावे लागले, आणि एका ठिकाणी मूळ क्लिप तुटल्यामुळे पाईप प्लास्टिकच्या पट्टीने बांधला होता. ती पट्टी मी दुसऱ्या दिवशी जाऊन बदलून घेतली. पाईप पत्र्याला घासला असता तर लेप किती दिवस राहिला असता?

पावसाळा संपत आला आहे आणि ऑईलची पातळी भरली तिथेच आहे. पुढचे पाईप पुन्हा बघायला चवथीनंतर गाडी रॅम्पवर आणा, असे मिस्त्रींनी बजावले आहे.