भूतानची सहल: वाटाड्या उत्तम, पूर्वसूचना अपुरी

सोयाबीन घरात आल्यावर आमच्या तालुक्यातील एका सहल संस्थेमार्फत आम्ही काही शेतकरी व निवृत्त शिक्षक भूतानला जाऊन आलो. नागपूर, हावडा, हासिमारा आणि पुढे फुंटशोलिंगची वेस असा मार्ग होता. निवास-भोजनाबाबत तक्रार नाही. हिरव्या मिरच्या आणि चीजची एमा दात्शी ही भाजी तर वऱ्हाडी जिभेलाही पुरून उरली.

या सेवेचे खरे मोल संस्थेने दिलेल्या स्थानिक वाटाड्यात आहे. थिंफूजवळ १६२९ साली बांधलेल्या सिम्तोखा झोंग या किल्लेवजा मठासमोर वाटाड्याने, तिबेटमधून आलेले बौद्ध धर्मगुरू शबद्रुंग न्गवांग नामग्याल यांनी विखुरलेली खोरी एका सत्तेखाली आणून धर्मसत्ता व राज्यकारभार यांची दुहेरी व्यवस्था कशी घातली आणि १९०७ मध्ये उग्येन वांगचुक पहिले वंशपरंपरागत राजे कसे झाले, हे सलगपणे सांगितले. रॉयल भूतान पोलीस दल मात्र बरेच अलीकडचे: १ सप्टेंबर १९६५ रोजी सैन्यातून घेतलेल्या ५५५ जणांवर ते उभे राहिले. फाशीची शिक्षा २००४ मध्ये रद्द झाली, २००८ मध्ये संविधान आले. गावातले किरकोळ तंटे ठाण्यापर्यंत न नेता निवडून आलेल्या गुपसमोर, म्हणजे गावप्रमुखासमोर, सामोपचाराने मिटवण्याची रीत ऐकल्यावर आमच्यातील एका माजी तंटामुक्ती समिती अध्यक्षांनी प्रश्नांची सरबत्ती केली आणि दुपारचे जेवण लांबले. थिंफूच्या चौकात सिग्नलऐवजी हातवारे करणारा वाहतूक पोलीसही सर्वांनी डोळे भरून पाहिला.

उणीव पूर्वसूचनेची आहे. प्रवेश परवान्यासाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागते, आधार चालत नाही, हे पत्रकात नव्हते. भारतीयांकडून प्रतिरात्र घेतले जाणारे १२०० रुपयांचे शाश्वत विकास शुल्कही सांगितलेल्या दरात धरलेले नव्हते. सर्वांत गंभीर बाब खर्ऱ्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाची. भूतानने २००४ मध्ये तंबाखूविक्रीवर बंदी घातली आणि २०१० च्या कायद्याने आयात शुल्काच्या पावतीविना तंबाखू बाळगणाऱ्यास तुरुंगवास ठेवला. २०२१ मध्ये विक्री खुली झाली, तरी सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानावर निर्बंध आहेत. खिशात पुड्या घेऊन निघणाऱ्या विदर्भातील प्रवाशांना ही माहिती वेशीवर नव्हे, नोंदणीच्या वेळीच मिळायला हवी.

वाटाड्यासाठी पाचपैकी पाच, संस्थेच्या कार्यालयासाठी दोन. नोंदणी करणाऱ्यांनी कागदपत्रांची यादी आणि शुल्काचा तपशील आधी लेखी मागून घ्यावा.