तंतुमय आहार की प्रोबायोटिक कॅप्सूल?

इम्युनोथेरपी, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध लढायला लावणारा उपचार, चालू असताना आतड्यातल्या जिवाणूंना बळ द्यायचं, तर प्रोबायोटिक, म्हणजे जिवंत उपयुक्त जिवाणूंची, कॅप्सूल सोपी वाटते. पण तिच्यातून येतात मोजक्याच जातींचे पाहुणे. तंतुमय आहार मात्र घरच्याच शेकडो जातींना पोसतो. तंतू आंबवून हे जिवाणू ब्युटिरेटसारखी आम्लं बनवतात आणि ती रोगप्रतिकारक पेशींच्या वागण्यावर परिणाम करतात.

२०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मेलानोमाच्या (त्वचेच्या एका कर्करोगाच्या) अभ्यासात रोज किमान २० ग्रॅम तंतू खाणाऱ्यांचा आजार जास्त काळ आटोक्यात राहिला; त्यांतही प्रोबायोटिक न घेणाऱ्यांत हा फायदा सर्वाधिक दिसला. उंदरांत तर प्रोबायोटिकने उपचाराचा परिणामच घटवला. या अभ्यासातला माणसांचा पुरावा निरीक्षणापुरता आहे, तरी माझा कल ताटाकडेच. अपवाद एक: जुलाब किंवा आतड्याला सूज असेल, तर तंतूही डॉक्टरांना विचारूनच.