जुन्या गाडीचा मूळ रेडिओ दुरुस्तीला देण्याआधी हे वाचा

रेडिओ दुरुस्त होऊन आला, डॅशबोर्डमध्ये बसवला आणि बटण फिरवताक्षणी गाणं सुरू झालं. शेजारी उभे असलेले टाळ्या वाजवायला लागले. माझ्या मात्र पोटात गोळा आला. १९५२ सालच्या गाडीतला व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचा रेडिओ असा लगेच वाजत नाही. आधी व्हायब्रेटरची (बॅटरीचा दाब वाढवता यावा म्हणून करंट सतत जोडणाऱ्या-तोडणाऱ्या भागाची) बारीक गुणगुण ऐकू येते, मग व्हॉल्व्ह तापायला वीस-तीस सेकंद जातात आणि त्यानंतर कुठे आवाज हळूहळू वर येतो. इथे गुणगुण नव्हती, वाट बघणं नव्हतं. डबा माझा होता, रेडिओ माझा नव्हता.

ठरलं होतं ते अगदी स्पष्ट होतं. आतलं सगळं मूळ तसंच राहणार, सुकलेले कंडेन्सर (कॅपॅसिटर) तेवढे बदलायचे, व्हायब्रेटर नीट करायचा आणि जमलं तर मोबाइलवरची गाणी ऐकायला एक वायर मागून काढून द्यायची. "साहेब, निर्धास्त राहा, एकही मूळ पार्ट हलणार नाही," हे त्या कारागिराचे शब्द. आणि रेडिओ काही मेलेला नव्हता. वाजत होता, स्टेशनं पकडत होता, फक्त आवाजामागे सतत घरघर होती. फिल्टरचे कंडेन्सर म्हातारे झाले की अशी घरघर येतेच. म्हणजे व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर, ट्यूनर यांत काही खोट नव्हती.

काम चालू असताना तो फोटो पाठवत राहिला. उघडलेला रेडिओ, रांगेत बसवलेले नवे कंडेन्सर, चकचकीत सोल्डर. सगळं बघून कोणाचाही विश्वास बसेल. नंतर तेच फोटो मोठे करून पाहिले तेव्हा दिसलं की माझ्या रेडिओच्या चासीवर (आतल्या पत्र्याच्या सांगाड्यावर) ट्यूनरच्या बाजूला जुन्या सोल्डरचा जो जाड थेंब होता, तो कुठल्याच फोटोत नाही. दुसऱ्या कुणाच्या तरी रेडिओचे फोटो मला दाखवले जात होते.

डबा पुन्हा बाहेर काढला तर हाताला हलका लागला. झाकण उघडलं. व्हायब्रेटर नाही, ट्रान्सफॉर्मर नाही, व्हॉल्व्ह नाहीत, आयएफटीचे (स्टेशन वेगळं करणाऱ्या छोट्या ट्रान्सफॉर्मरचे) ॲल्युमिनियमचे डबे नाहीत. एवढ्या मोठ्या पोकळीत तळहातापेक्षा लहान ब्लूटूथ बोर्ड फोमच्या चिकटपट्टीवर टेकवलेला. डायलचा काटा गोंदाने एका जागी चिकटवून टाकलेला. सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते बटणांचं. त्या काळच्या रेडिओत बटण दाबलं की मागची पट्टी ढकलली जाते, कॉइलच्या आत लोहचूर्णाच्या कांड्या सरकतात आणि काटा खट्कन ठरलेल्या स्टेशनवर जातो. विजेची मोटर नाही, काही नाही, नुसती यांत्रिक करामत. त्या पट्ट्या कापून काढल्या होत्या. बटणं दाबली जात होती, पण त्यांच्यामागे काहीच नव्हतं.

जाब विचारला तेव्हा आधी म्हणाला, आतलं सगळं जळालेलं होतं म्हणून फेकलं. चालू रेडिओ दिला होता हे सांगितल्यावर पवित्रा बदलला: तुमच्या गाडीत मुळातच ट्रान्झिस्टरचा रेडिओ होता, तुम्हाला माहीत नाही. हे धडधडीत खोटं होतं. पूर्ण ट्रान्झिस्टरचा पहिला कार रेडिओ फिल्को आणि क्रायस्लर यांनी १९५५ मध्ये आणला. त्याच्या तीन वर्षं आधीच्या गाडीत तो कुठून येणार? तिसऱ्यांदा विचारल्यावर त्याने फोन उचलणं बंद केलं.

हे भाग जातात कुठे, हे उघड आहे. असे ट्यूनर, आयएफटी आणि या रेडिओंचे बरेचसे व्हॉल्व्ह आज नव्याने सहसा कोणी बनवत बसत नाही. ज्याचा रेडिओ अर्धवट आहे तो त्यासाठी चांगले पैसे मोजतो. म्हणजे दुरुस्तीचे पैसे माझ्याकडून आणि आतड्यांचे दुसऱ्याकडून.

आणि हे नुसतं फसवणुकीवर थांबलं नाही. माझी गाडी पॉझिटिव्ह अर्थची, म्हणजे बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेला. साध्या व्हायब्रेटरच्या आणि वेगळा रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा) व्हॉल्व्ह असलेल्या रेडिओला त्याने फरक पडत नाही, पण आजचे बोर्ड निगेटिव्ह अर्थ धरून बनवलेले असतात. कारागिराने बोर्ड डब्यापासून अलग ठेवून वेळ मारून नेली, आणि वायरीतली फ्यूजची नळीही काढून टाकली. बोर्डाच्या खाचेत चार्जिंगची पिन घालताना तिची धातूची कड डॅशबोर्डच्या पत्र्याला टेकली आणि वायरीचं आवरण वितळायला लागलं. बॅटरीची तार लगेच सोडवली म्हणून गाडी वाचली. कापडी आवरणाच्या जुन्या वायरींच्या गाडीत याचा अर्थ काय होतो, ते जुनी गाडी बाळगणाऱ्याला सांगायला नको.

नवा बोर्ड बसवणं हा गुन्हा नाही, हेही सांगतो. त्या काळच्या बहुतेक गाड्यांमध्ये फक्त मीडियम वेव्ह (एएम) होती, त्यामुळे एफएमची इच्छा होणं स्वाभाविक आहे. काही चांगल्या बोर्डांत मूळ ट्यूनर जागेवर ठेवून त्याच्यावरूनच स्टेशन ठरवतात, त्यामुळे काटा आणि बटणं पूर्वीसारखी चालतात. पण ते आधी सांगून करायचं असतं आणि काढलेला प्रत्येक भाग खोक्यात घालून मालकाला परत द्यायचा असतो. माझं मत विचाराल तर मूळ रेडिओला हात न लावता एक छोटा ॲम्प्लिफायर डॅशबोर्डच्या कप्प्यात (ग्लोव्ह बॉक्समध्ये) लपवणं सगळ्यात चांगलं. बाजारातला एफएम ट्रान्समीटर मात्र मीडियम वेव्हच्या रेडिओला काही उपयोगाचा नाही, तो घेऊन फसू नका.

रेडिओ देण्याआधी झाकण उघडून सगळ्या बाजूंनी फोटो काढा, प्रत्येक व्हॉल्व्हवरचा नंबर टिपून घ्या, चासीवर कुठेतरी आतल्या बाजूला बारीक खूण करा. रेडिओ चालू आहे की बंद, हे पावतीवर लिहून घ्या, आणि बदललेले जुने कंडेन्सरसुद्धा परत मागा. काम समजणारा माणूस याला कधी नाही म्हणत नाही. त्याला बफर कंडेन्सरबद्दल विचारून बघा. ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम बाजूला असलेला हा छोटा भाग जुनाच ठेवला आणि तो गेला, तर सोबत व्हायब्रेटर आणि ट्रान्सफॉर्मरही जातात. म्हणून जाणकार तो न विचारता बदलतो, आणि १६०० व्होल्ट किंवा त्याहून जास्त क्षमतेचा घालतो. उत्तर देताना समोरचा गडबडला तर रेडिओ उचला आणि निघा. आत कुठेही बोट घालू नका, चालू रेडिओत दोनशे व्होल्टच्या वर दाब असतो.

परत घेताना डबा बंद असला तरी एक तपासणी करता येते. बॅटरीकडून रेडिओला येणाऱ्या वायरीत ॲमीटर (करंट मोजायचं मीटर) लावा. १२ व्होल्टचा व्हॉल्व्ह रेडिओ साधारण ३ ते ४ अँपिअर ओढतो. सुई अर्ध्या अँपिअरच्याही खाली राहिली, तर पैसे देण्याआधी तिथेच झाकण उघडायला लावा.