नऊ महिने, बारा डिस्क आणि एक चुकीचा आवाज

काल दुपारी नववी डिस्क पुन्हा आली. ही तिसरी प्रत. संध्याकाळी लावली, 41 मिनिटं 20 सेकंदांपर्यंत श्वास रोखून बसले आणि चित्र पुढे सरकलं. नऊ महिन्यांत पहिल्यांदा त्या बोळातला माणूस पलीकडे पोहोचला. म्हणून आज लिहायला घेतलं.

क्रीडावीर, मोटरसायकल शर्यती आणि वाफेची इंजिनं अशा माहितीपटांचा हा बारा डिस्कचा संच. पहिल्या चार खेळाडूंच्या, मधल्या चार शर्यतींच्या, शेवटच्या चार रेल्वेच्या. मिनिटं किती, सबटायटल आहेत का, हे सगळं खोक्याच्या पाठीवर छापलंय, ते इथे परत लिहीत नाही. दरमहा वर्गणी भरून बघायचं मला पटत नाही. एकदा पैसे मोजले की वस्तू आपल्या कपाटात हवी, हवी तेव्हा लावता यायला हवी. म्हणून डिस्क घेतल्या, आणि म्हणूनच एक डिस्क खराब निघाल्यावर मी गप्प बसले नाही.

आधी तो बोळ. लंडन ते एडिनबरा हे सुमारे 632 किलोमीटरचं अंतर 'एलिझाबेथन' ही गाडी न थांबता कापायची, 1954 साली साडेसहा तासांत. इतका वेळ एकाच ड्रायव्हर आणि फायरमनने राबायचं म्हणजे कठीण, म्हणून दुसरी जोडी मागच्या डब्यात बसून असायची आणि अर्ध्या वाटेत गाडी धावत असतानाच इंजिनावर जायची. त्यासाठी टेंडरमधूनच, म्हणजे इंजिनामागे जोडलेल्या कोळसा-पाण्याच्या डब्यातूनच, एक बोळ काढलेला होता, जेमतेम दीड फूट रुंद आणि पाच फूट उंच. डिस्कवर नेमका त्या बोळात एक माणूस वाकून, खांदा तिरका करून शिरतो आणि चित्र गोठतं. तीन वेगवेगळ्या प्लेअरवर लावून पाहिलं, तिन्हीवर तेच मिनिट, तोच सेकंद.

विक्रेत्याकडून उत्तरं आली ती अशी: डिस्क पुसून बघा. मग, तुमचा प्लेअर जुना असेल. मग, स्वतःच्या खर्चाने परत पाठवा. दोन थरांच्या डिस्कमध्ये लेसरला मध्येच एका थरावरून दुसऱ्या थरावर जावं लागतं. तिथे छपाईत दोष राहिला तर सगळ्या प्लेअरवर एकाच जागी अडकणार, त्यात पुसण्यासारखं काही नसतं. हे मी तीनदा लिहून कळवलं. सात आठवड्यांनी दुसरी प्रत आली ती त्याच घाण्यातली, त्याच सेकंदाला थांबणारी. पाठवणीचा खर्च मी दिला नाही आणि देणारही नव्हते. शेवटी तिसरी प्रत आली, नीट चालणारी, पण सोबत दिलगिरीचा एक शब्दही नाही. सेवेबद्दल एवढं पुरे.

माझी खरी तक्रार मात्र डिस्क अडकण्याची नव्हतीच. पहिल्या पंधरा दिवसांत अभिप्राय लिहिला असता तर एकच वाक्य लिहिलं असतं: यांना आवाज कळत नाही, घेऊ नका.

त्याच नवव्या डिस्कवर, बोळाच्या बऱ्याच आधी, ग्रेस्ली या ब्रिटिश अभियंत्याने बनवलेलं ए4 वर्गाचं जतन केलेलं एक इंजिन स्टेशनातून सुटताना दाखवलंय. कॅमेरा जमिनीलगत, मोठं चाक पूर्ण चौकटीत, चाकांना जोडणारा दांडा सावकाश वर येतो, खाली जातो. इतकं सुंदर चित्र, आणि आवाज? दांड्याच्या एका फेरीला चार भपकारे. मी चारदा मागे नेऊन मोजले. चारच.

ए4 ला तीन सिलिंडर असतात. प्रत्येक सिलिंडर चाकाच्या एका फेरीत दोनदा वाफ सोडतो, म्हणजे सहा भपकारे व्हायला हवेत, आणि ग्रेस्लीच्या झडपांच्या रचनेमुळे तेही बहुतेकदा थोडे लंगडत, कमीजास्त अंतराने पडतात. चार भपकारे हा दोन सिलिंडरच्या इंजिनाचा ठेका. कुणीतरी संग्रहातला कुठलातरी 'वाफेच्या इंजिनाचा आवाज' उचलून या चित्राला चिकटवला होता. गाणाऱ्याचे ओठ हलताहेत आणि गळा दुसऱ्याचाच, असं ते वाटतं. ज्या इंजिनांच्या वर्गाने 3 जुलै 1938 ला, 'मॅलार्ड'च्या रूपाने, ताशी 126 मैल म्हणजे सुमारे 203 किलोमीटर वेग गाठला, आणि वाफेच्या इंजिनांचा तो विक्रम आजही टिकून आहे, त्या वर्गाला त्याचा स्वतःचा आवाजही देऊ नये?

एकदा कान तिकडे गेला की सुटका नसते. सहाव्या डिस्कवर पन्नासच्या दशकातली एक शर्यत आहे. पडद्यावर मँक्स नॉर्टन, 500 सीसी, एकच सिलिंडर. आपल्याकडे मोटरसायकलला फटफटी म्हणतात ते अशाच इंजिनांवरून. एकेक ठोका सुटा, जाडजूड, मोजता येईल असा. आणि ऐकू काय येतं, तर चार सिलिंडरची एकसंध किंकाळी. आठव्या डिस्कवर 1966 च्या होंडाचं सहा सिलिंडरचं 250 सीसी इंजिन आहे. मिनिटाला 18,000 फेऱ्यांच्या घरात जाणारं हे यंत्र, त्याचा आवाज ऐकायला लोक कुठून कुठून येतात. तिथे निवेदकाच्या मागे सतत गिटार वाजत राहतं. ज्याच्यासाठी डिस्क घेतली तेच झाकलेलं.

खेळाडूंच्या डिस्कवर तर व्हायोलिनचा पूरच. 14 ऑगस्ट 1948, ओव्हल, ब्रॅडमनचा शेवटचा कसोटी डाव. सरासरी बरोबर 100 व्हायला चार धावा हव्या होत्या, आणि हॉलिजने दुसऱ्याच चेंडूवर त्रिफळा उडवला. सरासरी राहिली 99.94. त्या बातमीपटाच्या चित्राला मूळचा आवाज नव्हता हे मी समजू शकते, त्या काळी बहुतेक बातमीपट मुकेच चित्रित व्हायचे आणि आवाज मागाहून भरला जायचा. पण त्या दिवशी मैदानात रेडिओचं समालोचन चालू होतं आणि ते जपूनही ठेवलंय. ते लावायचं सोडून वर रडकं संगीत कशाला? चार मिनिटांच्या आत मैल धावणारा पहिला माणूस बॅनिस्टर, त्याच्या त्या शर्यतीचंही तेच. 6 मे 1954 ला निवेदकाने वेळ सांगायला सुरुवात केली, 'तीन' हा शब्द उच्चारला आणि पुढचं सगळं गर्दीच्या गजरात बुडालं. 3 मिनिटं 59.4 सेकंद. त्या क्षणाची सगळी गोष्टच आवाजाची आहे. संचात मात्र गजर अर्ध्यावर हळू होतो आणि वाद्यवृंद चढत जातो. तो भाग बघताना मला खरंच वाईट वाटलं.

इथवर माझं मत असं होतं. ते बदललं चौथ्या महिन्यात, आणि बदललं ते त्याच खराब डिस्कमुळे.

दुसरी प्रतही बोळात अडकली तेव्हा वैतागून मी रिमोटवरचं एकेक बटण दाबत गेले. ऑडिओचं बटण दाबलं तर पडद्यावर आकडा आला, 2. मेन्यूत याचा कुठे उल्लेख नाही, खोक्यावर नाही, पुस्तिकेतही नाही. डिस्क मागे नेली, आणि निवेदक गायब. संगीत गायब. स्टेशनातला गलका, शिट्टी, पत्र्यावर फावडं घासल्याचा आवाज. मग चाक हललं आणि मी मोजायला लागले. सहा. शेवटचे दोन जरा घाईने पडणारे. अंगावर सरसरून काटा आला.

माहितीपट दुसऱ्या भाषांत करता यावा म्हणून निवेदन आणि मूळ आवाज वेगवेगळ्या पट्ट्यांवर ठेवायची पद्धत असते. तशीच एक पट्टी या डिस्कांवर राहून गेलीय. म्हणजे ध्वनिमुद्रण करणाऱ्याने आपलं काम चोख केलं होतं. कुणीतरी त्याच इंजिनाजवळ मायक्रोफोन धरून उभं राहिलं होतं, आणि मागाहून कुणीतरी तो आवाज झाकून टाकला. राग यायचा तो आला, पण त्या रात्री मी नवव्या डिस्कचा तेवढा भाग सहा वेळा लावला.

पीटर हँडफर्ड नावाचे ध्वनिमुद्रक होऊन गेले. 'आउट ऑफ आफ्रिका' या चित्रपटासाठी त्यांना ऑस्कर मिळालं, पण रेल्वेप्रेमी त्यांना ओळखतात ते दुसऱ्याच कामासाठी. पन्नासच्या दशकापासून जड टेपरेकॉर्डर वाहून नेत त्यांनी ब्रिटनची वाफेची इंजिनं ध्वनिमुद्रित केली आणि त्यांच्या तबकड्या काढल्या. 11 ऑगस्ट 1968 ला ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवरची वाफेची शेवटची प्रवासी गाडी धावली. नंतर जतन केलेली इंजिनं धावत राहिली, पण अवघड चढावर रोजचं ओझं ओढणाऱ्या मालगाडीचा आवाज पुन्हा मिळणार नव्हता. त्यांच्यासारख्यांनी तो वेळेत पकडून ठेवला. आवाजाला एवढं महत्त्व का द्यायचं असं कुणी विचारलं तर मी त्यांचंच नाव सांगते.

त्यानंतर बाराही डिस्क मी दुसऱ्या पट्टीसाठी तपासल्या. पाच, सात, आठ आणि नऊ ते बारा यांच्यावर ती आहे. सहावीवर नाही, म्हणजे नॉर्टन अजून परक्या आवाजातच धावतेय. खेळाडूंच्या चारही डिस्कवर नाही, त्यामुळे ब्रॅडमनमागचं संगीत सहन करण्याला इलाज नाही.

तरी खेळाडूंबद्दल एक मत मी मागे घेते. पहिल्यांदा बघताना ऑलिंपिकची मॅरेथॉन दोनदा जिंकणाऱ्या अबेबे बिकिलाचा भाग मला संथ वाटला होता. आता आवाज बंद करून पाहिला. रोममध्ये 1960 साली अनवाणी, रात्रीच्या मशालींच्या उजेडात जिंकलेला हा माणूस 1964 ला टोकियोत बूट घालून धावतोय. अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेला जेमतेम सहा आठवडे झालेले. वेळ 2 तास 12 मिनिटं 11.2 सेकंद, दुसरा येणारा चार मिनिटांहून अधिक मागे. लांबून घेतलेल्या त्या चित्रात चेहरा बघा, एकही स्नायू वाकडा होत नाही. आणि शेवटची रेषा ओलांडल्यावर तो मैदानातल्या हिरवळीवर पाठ टेकून पाय वर करून व्यायाम करायला लागतो. यावर संगीत नसतं तर मी या भागाला पूर्ण गुण दिले असते.

मोटरसायकलच्या डिस्क मात्र दुसऱ्या पट्टीवर वेगळ्याच वस्तू होऊन बसतात. सातव्या डिस्कवर 1978 ची टीटी आहे, म्हणजे आइल ऑफ मॅन बेटाच्या रस्त्यांवरची मोटरसायकल शर्यत. माइक हेलवुड अकरा वर्षांनी तिथे परतलेला, वय 38, डुकाटीवर. समोर फिल रीड, होंडावर. तिथे सगळे एकदम सुटत नाहीत, काही सेकंदांच्या अंतराने एकेक सोडले जातात आणि घड्याळाशी स्पर्धा करतात. एकेक फेरीच 60 किलोमीटरहून मोठी, गावांतून, भिंतींमधून, डोंगरावरून. रीड आधी सुटलेला, हेलवुड मागून. निवेदन चालू असताना हा भाग आकड्यांचा वाटतो. दुसऱ्या पट्टीवर डोळे मिटले तरी शर्यत कळते. कॅमेरा एका वळणावर, रस्ता रिकामा. आधी होंडाची चार सिलिंडरची उंच, ताणलेली तान. ती विरायच्या आत तिच्यामागून डुकाटीच्या दोन सिलिंडरचा खोल, जाड घुमारा. पुढच्या वळणावर दोन्हींमधलं अंतर कमी झालेलं ऐकू येतं, त्याच्या पुढच्या वळणावर आणखी कमी. हेलवुडने रीडला रस्त्यावरच मागे टाकलं, होंडाने पुढे दम सोडला आणि शर्यत हेलवुडने जिंकली. हे मला ठाऊक होतं, तरी कानांनी ते घडताना ऐकणं ही गोष्टच निराळी.

पाचव्या डिस्कवर 1967 ची सीनियर टीटी आहे. हेलवुड होंडाच्या चार सिलिंडरवर, ऑगस्टिनी एमव्ही ऑगस्टाच्या तीन सिलिंडरवर, आणि पाचव्या फेरीत ऑगस्टिनीची साखळी तुटते. तीन सिलिंडरचा सूर थोडा खरखरीत, गळ्यातून आल्यासारखा. तोही नीट ऐकू येतो.

जाणकारांसाठी आणखी एक गोष्ट. चित्रपटगृहासाठी सेकंदाला 24 चित्रांच्या वेगाने चित्रित झालेले भाग इथे 25 ने चालतात. वेग सुमारे चार टक्के वाढतो आणि इंजिनाचा सूरही त्या प्रमाणात चढतो. प्लेअरवर वेग कमी करायची सोय असेल तर रेल्वेचे जुने भाग 96 टक्क्यांवर लावून बघा, बॉयलर जड झाल्यासारखा वाटतो.

संच ठेवायचा ठरवलाय. पैसे वसूल झालेत ते बारापैकी सात डिस्कवर, आणि तेही मेन्यूत नसलेल्या एका पट्टीमुळे. त्या पट्टीचा उल्लेख पुढच्या छपाईत खोक्यावर करा आणि सहाव्या डिस्कवर मूळ आवाज असेल तर तो द्या, असं विक्रेत्याला कळवलंय. उत्तर आलं की इथेच खाली लिहीन.

तोवर ज्यांच्याकडे हा संच आहे त्यांनी सातवी डिस्क लावा, ऑडिओचं बटण दाबून 2 आणा, 31 व्या मिनिटावर जा आणि हेडफोन लावा. पहिली सात-आठ सेकंद फक्त वारा आणि पक्षी आहेत. डिस्क बिघडली असं समजून बंद करू नका, होंडा त्यानंतर येते.