२०० रुपयात फेअरबँक्स, चहा-वड्यासकट

परवाच्या शनिवारी बाबांना घेऊन टिळक रोडच्या मागच्या गल्लीतल्या एका हॉलमधे स्लाइड शो बघून आले. तिथल्या आयोजकांचा दर महिन्याला एक गाव असा कार्यक्रम असतो, तिथे राहून आलेलं माणूस येऊन बोलतं, दोन तास, तिकीट २०० आणि त्यात मधल्या सुट्टीतला चहा-वडा धरलेला. आयोजकांचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण खाली तक्रारी आहेत आणि पुण्यात कोण कोणाचं काय लागतं सांगता येत नाही.

या वेळी अलास्कातलं फेअरबँक्स होतं. का, तर ते पुण्याचं भगिनी शहर आहे. मला सॅन होजे माहीत होतं, हे अजिबात माहीत नव्हतं, शेजारच्या खुर्चीतल्या आजोबांनाही नव्हतं आणि ते चक्क कॉर्पोरेशनमधून रिटायर झालेले! लोकसंख्या किती, तर २०२० च्या जनगणनेत साडेबत्तीस हजार. आमच्या प्रभागात याहून जास्त लोक राहतात हो.

आता आधी तक्रार. साडेपाचचा कार्यक्रम पावणेसहाला चालू, मग दीपप्रज्वलन, मग मान्यवरांची ओळख, मग शाल-श्रीफळ, मग "मी फार वेळ घेणार नाही" म्हणून एकांनी घेतलेली पंधरा मिनिटं. बोलणाऱ्या काकूंच्या हातात माइक आला तेव्हा सव्वासहा झाले होते आणि बाबांची मान एकदा पडून झाली होती. शिवाय दाराजवळची ट्यूबलाइट शेवटपर्यंत कोणी बंद केली नाही, त्यामुळे बर्फाच्या सगळ्या स्लाइड्स म्हणजे पांढऱ्यावर पांढरं.

पण काकू! काकू कोथरूडच्या, मुलगा तिथल्या युनिव्हर्सिटीत, त्या त्याच्याकडे आठ महिने राहिल्या आणि त्यात पूर्ण हिवाळा काढला. पहिलीच स्लाइड एका साध्या गाडीची, पुढच्या जाळीतून वायर बाहेर लोंबतेय आणि टोकाला तीन पिनांचा प्लग. मागून लगेच कोणीतरी, इव्ही का? काकू म्हणाल्या, नाही, पेट्रोलचीच, इंजिन गोठू नये म्हणून आत हीटर बसवलेला असतो, गाडी लावली की तो प्लग खोचायचा, ऑफिसच्या पार्किंगमधेसुद्धा ओळीने सॉकेट असतात. थंडी उणे चाळीसपर्यंत जाते. सेल्सियस की फॅरनहाइट हा प्रश्न येणारच होता, आला, तर उणे चाळीसला दोन्ही एकच. डिसेंबरात दिवस जेमतेम पावणेचार तासांचा. काकू म्हणाल्या, मी देवापुढे सकाळचा दिवा लावायचे आणि संध्याकाळचा लावायचे, मधे फक्त जेवण व्हायचं.

गावाची जन्मकथा मला भयंकर आवडली. १९०१ साली बार्नेट नावाचा एक व्यापारी बोट भरून माल आणि बायको घेऊन निघाला, जायचं होतं टनाना नदीवर बरंच वर, पण पाणी उथळ लागलं, बोट पुढे जाईना, म्हणून चेना नावाच्या उपनदीत शिरून बघितलं तर तिथेही तेच, शेवटी कप्तानाने सगळं काठावर उतरवलं आणि बोट घेऊन परत गेला. म्हणजे रिक्षावाल्याने पुढे येणार नाही म्हणून अलका टॉकीजला उतरवावं आणि आपण तिथेच दुकान टाकावं तसला प्रकार. पण नशीब बघा, डोंगरात सोनं शोधत फिरणाऱ्या फेलिक्स पेड्रोला बोटीचा धूर दिसला, तो सामान घ्यायला खाली आला, आणि पुढच्याच वर्षी त्याला जवळच सोनं सापडलं. झालं, माणसं धावत सुटली, १९०३ मधे तिथे नगरपालिकासुद्धा. हा पेड्रो मूळचा इटलीतल्या फनानो गावचा आणि फनानो हेही फेअरबँक्सचं भगिनी शहर, तेव्हा नातं लावायचंच तर आपली मानलेली बहीण म्हणा. नाव मात्र कोणाचं दिलं, तर इंडियानाच्या एका सिनेटरचं, चार्ल्स फेअरबँक्स, जो पुढे उपराष्ट्राध्यक्ष झाला. जज विकरशॅम नावाच्या गृहस्थांचा आग्रह. शुद्ध मस्का, दुसरं काय.

या बार्नेटने पुढे बँक काढली, ती १९११ मधे बुडाली आणि हा गाव सोडून गेला. इथे हॉलमधे जो एक सुस्कारा निघाला ना, सहकारी बँकेत पैसे अडकलेली निदान दहा माणसं तरी असतील. त्याच वर्षी तिथल्या लोकांनी नदीच्या एका काठावरचं अख्खं चर्च उचलून गोठलेल्या चेनावरून ओढत पलीकडे नेलं. ते लाकडी चर्च अजून उभं आहे, काकूंनी फोटो दाखवला.

मे १९०६ मधे आग लागून बाजारपेठ जवळजवळ सगळी गेली. पाण्याच्या पंपाला वाफ कमी पडायला लागली तेव्हा गोदामातलं खारवलेलं बेकन ढिगाने बॉयलरमधे घातलं, चरबी भसाभस पेटते म्हणून, अशी गोष्ट तिथे अजून सांगतात. (आमच्या पुढच्या रांगेतल्या बाईंनी "शिव शिव" केलं.) आणि गाव जळून महिना होतोय तोच, २१ जूनला, दोन बारमधे पैज लागून रात्री बेसबॉलची मॅच. ती मॅच आजही दर वर्षी होते, रात्री दहाच्या आसपास चालू होते, मध्यरात्र उलटून जाते आणि मैदानावर दिवे लावत नाहीत, सूर्य असतो ना वर. गाव लोटतं. काकूंना बेसबॉलमधलं काही कळत नव्हतं पण बारा वाजता डोळ्यावर ऊन येतं म्हणून हात आडवा धरून बसलेल्या बायकांचा फोटो त्यांनी काढलाय तो खरंच बघण्यासारखा आहे, एकीच्या मांडीवर पोर गाढ झोपलंय.

मग सुट्टी. वडा गार, चटणी झकास, चहा दोनदा मागितला तर दिला, तक्रार नाही.

सुट्टीनंतर पूर. ऑगस्ट १९६७, चेनाला पूर येऊन जवळजवळ सगळं गाव पाण्याखाली, युनिव्हर्सिटी टेकडीवर म्हणून लोक तिकडे पळाले, जवळपास सात हजार माणसं तिथे राहिली. इथे बाबा जे ताठ बसले! बाबा नारायण पेठेतले, १२ जुलै १९६१ ला दहा वर्षांचे, पानशेतचा पूर त्यांनी मामाच्या गच्चीतून बघितलेला. आमच्या घरात तो विषय निघाला की दोन तास गेलेच. काकूंनी पुढे सांगितलं की त्या पुरानंतर सरकारने गावाच्या वरच्या अंगाला मातीचं लांबलचक धरण बांधलं, गंमत म्हणजे ते एरवी कोरडं असतं, पाणी साठवतच नाही, नदी आपली दारांखालून वाहत असते, पाणी चढलं की दारं खाली सोडायची आणि जास्तीचं पाणी टनानाकडे वळवायचं. बाबा उभे राहून मोठ्यांदा म्हणाले, "म्हणजे त्यांच्याकडे पूर आला म्हणून धरण झालं, आमच्याकडे धरण फुटलं म्हणून पूर आला!" सगळा हॉल हसला आणि मग एकदम गप्प झाला. तिथे साठीपुढची बरीच माणसं होती.

त्या पुढचा भाग मला सगळ्यात जास्त आवडला आणि तोच घाईत उरकला, शाल-श्रीफळाला वेळ गेल्यामुळे. तिथे गावाबाहेर खूप लोक बिननळाच्या लाकडी खोपटात राहतात, अगदी शिकलेसवरलेले, युनिव्हर्सिटीतलेसुद्धा. जमीन खाली कायम गोठलेली, पाइप टाकणं महाग, मग पाणी कॅनमधून आणायचं, अंघोळीला लाँड्रीत किंवा कामाच्या ठिकाणी जायचं आणि संडास अंगणात. त्या संडासाची सीट निळ्या फोमची कापून केलेली असते कारण फोम गार लागत नाही. काकूंनी बाईमाणूस असून तो फोटो दाखवला आणि उणे तीसमधे एकदा वापरूनही बघितला म्हणाल्या, "बसल्यावर ऊबदार, उठल्यावर बघू नका." टँकरच्या पाण्यावर जगणाऱ्या आमच्या बावधनच्या आत्याला हे सगळं सांगणार आहे मी.

आणि कचरा टाकायची ठिकाणं. तिथे एका बाजूला चालू स्थितीतल्या वस्तू ठेवतात, बूट, खुर्च्या, पुस्तकं, स्की, ज्याला हवं त्याने न्यावं, पैसे नाहीत. काकूंच्या मुलाचं डायनिंग टेबल तिथलंच. काकू आधी लाजल्या म्हणे, नंतर रोज फिरायला तिकडेच.

नेनानाची पैजही भारी, जवळच्या गावात १९१७ पासून चालू आहे, गोठलेल्या नदीवर लाकडी तिकाटणं उभं करतात, त्याला घड्याळ बांधलेलं, वसंतात बर्फ फुटून ते हललं की घड्याळ थांबतं, तारीख-वेळ मिनिटापर्यंत ओळखणाऱ्याला पैसे. मागून आवाज आला, "मटकाच की!" बरोबर आहे.

खटकलं ते एवढंच की मूळच्या लोकांना, म्हणजे डेने लोकांना, एकच स्लाइड. बार्नेट उतरला तेव्हा ते तिथे आधीपासून राहत होतेच ना. १९६१ पासून तिथे मूळ रहिवाशांचे खेळ भरतात, त्यात कानाला दोरी बांधून ओढाओढी असते, कातड्याच्या चादरीवरून माणूस उंच उडवतात, ते सगळं "वेळेअभावी" पुढे ढकललं. तेलाच्या पाइपलाइनचंही तसंच, आठशे मैलांची, १९७७ मधे तेल वाहायला लागलं, कामगार आले आणि भाडी आभाळाला भिडली एवढंच. हिंजवडी बघितलेल्या माणसांना यात रस होता, बोलायला द्यायला हवं होतं. प्रश्नोत्तरं तर वायाच, तीन प्रश्न व्हिसाचे, एक "व्हेज मिळतं का" आणि एकांनी स्वतःच्या केदारनाथच्या थंडीचा अनुभव सांगितला.

खुर्च्या प्लास्टिकच्या, उशी न्या. टू-व्हीलर गल्लीत लागते, चारचाकी नेऊच नका. दाराजवळ बसू नका, ट्यूबलाइट. पाचातले साडेतीन देते, साडेतीनही काकूंचे.

पुढच्या महिन्यात कुठलं गाव ते अजून ग्रुपवर आलेलं नाही. बाबांनी निघताना दोन तिकिटांचे पैसे भरून टाकलेत, आणि त्या काकूंचा नंबर घेतलाय, पानशेतचे फोटो पाठवायला.